गाडी एकाएकी मुकी झाली तर

मिक्सर चालता चालता बंद पडला तर आपण काय करतो? आधी प्लग नीट बसलाय का बघतो. मग दुसऱ्या बटणावर लावून पाहतो. मग भांडं उचलून तळाशी असलेलं ते लाल बटण दाबतो. एवढं करून नाहीच चालला, तर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेतो. यासाठी आपल्याला कोणी शिकवणी लावलेली नसते. रोज हाताळून हाताळून कळलेलं असतं.

पण तीच आपण, गाडी रस्त्यात मुकी झाली की पर्समधून फोन काढतो आणि “अहो, गाडी बंद पडली,” एवढंच सांगून हात जोडून उभ्या राहतो. मीही अशीच उभी राहिले होते, म्हणून आज हा विषय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्याला माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आठ दिवसांनी तिला अमरावतीला आमच्याकडे आणायचं ठरलं. शाळेला सुट्ट्या होत्या. ह्यांना रजा मिळेना. मी म्हटलं, मीच जाते गाडी घेऊन. हे जरा का-कू करत होते, पण शेवटी “जा, सावकाश चालव,” म्हणाले. अमरावती ते अकोला शंभरएक किलोमीटर, आणि रस्ता आता इतका छान झालाय की विचारू नका. तुम्हाला आठवत असेल, जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस बुकात नाव नोंदवलं गेलं होतं. तोच आपला राष्ट्रीय महामार्ग ५३, आपण सगळे अजून ज्याला ‘सहा नंबर’ म्हणतो तो.

जाताना काही त्रास झाला नाही. येताना मूर्तिजापूरच्या आसपास माझ्या धाकटीनं उसाच्या रसाचा हट्ट धरला. कडुलिंबाखाली रसवंती दिसली तशी गाडी सावलीत घेतली. आईच्या डोळ्याला धूळ आणि झळा लागू नयेत म्हणून काचा बंद ठेवल्या, इंजिन बंद केलं, पंखा मात्र चालू ठेवला. दोघी मागेच बसल्या. मी रसाचे ग्लास आणून दिले, रिकामे परत केले, गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

‘टक्’ असा एकच आवाज आला. आणि सगळं गेलं. पंखा थांबला, समोरचे दिवे विझले, घड्याळ गेलं. हॉर्न दाबला, तोही मुका. काचा खाली करायचं बटण दाबलं, काच जागची हलेना. मागून आई म्हणाली, “काय झालं वं? दार काहून नाई उघडत?”

धाकटी चालत्या गाडीत दार उघडते म्हणून मागच्या दोन्ही दारांना मुलांचं लॉक लावून ठेवलेलं. ते लॉक असलं की दार आतून उघडत नाही, काच विजेवर चालणारी, आणि वीज तर गेलेली. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे. मैत्रिणींनो, त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो मी विसरणार नाही. मी उतरले, मागच्या दाराचा खटका हातानं वर केला आणि बाहेरून दार उघडलं. पाऊण मिनिटही लागलं नसेल. पण मी चार पावलं लांब रांगेत उभी असते तर? हा प्रश्न अजून मनातून जात नाही.

दोघींना सावलीत बाजेवर बसवून मी ह्यांना फोन केला. “तू कशाला हात लावू नकोस, मी इथून माणूस पाठवतो,” म्हणाले. म्हणजे निदान दीड तास! आईच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ होत आली होती. रसवंतीवाल्यानं ओळखीच्या बॅटरीवाल्या पोराला बोलावलं. तो आला, किल्ली एकदा फिरवली आणि म्हणाला, “बॅटरी मेली ताई. नवीन टाका लागते. पाच हजार आठशे.” बॉनेटसुद्धा उघडलं नाही त्यानं.

खरं सांगते, मी पैसे द्यायला निघालेच होते. तेवढ्यात बाजूला रस पीत बसलेले एक ट्रॅक्टरवाले भाऊ उठले. म्हणाले, “थांबा ना माय. बॅटरी मेली असती तं पंखा चालला असता काय? उघडा बरं झाकण.”

बॉनेट कुठून उघडतं हे शोधण्यात माझी पाच मिनिटं गेली. लाज वाटली. उघडलं तर बॅटरीच्या एका टोकावर पांढरा-हिरवट भुगा, पापडखाराचा ढीग ठेवावा तसा. भाऊंनी ती काळी वायर धरून हलवली, तर ती कडी बांगडीसारखी गोल फिरली. “हे पाय. ढिलं होऊन राह्यलं. बॅटरीचा काही दोष नाई.”

ट्रॅक्टरच्या पेटीतून दहा नंबरचा पाना आणला, कडी काढली, आतून चाकूनं खरवडली, परत बसवून आवळली. मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू! सगळं मिळून दहा मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाले, “दोन मिनिटाचं काम हाय, त्याचे काय पैसे घ्या लागते?” त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्या बॅटरीवाल्या पोराबद्दल मी वाईट बोलणार नाही. कदाचित त्याला खरंच तसं वाटलं असेल. पण तपासल्याशिवाय वाटणं आणि तपासून कळणं, यात पाच हजार आठशे रुपयांचा फरक होता.

रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, “तो भुगा मी दोन महिन्यांपूर्वी पाहिला होता. गाडी धुताना झाकण उघडलं होतं तेव्हा.” “मग सांगितलं का नाहीस?” “मला वाटलं ते तुमचं खातं.” हे जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मला वाटलं, गाडी जास्त तू वापरतेस, तर तूच बघत असशील.” बघा! घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत मी दर दोन-तीन महिन्यांनी न चुकता पाणी घालते. लोडशेडिंगनं आपल्याला ते शिकवलंच आहे. तीच जातीची बॅटरी गाडीत असते, पण तिच्यावर पत्र्याचं झाकण होतं आणि त्या झाकणावर जणू ‘पुरुषांसाठी’ असं लिहिलेलं होतं. आणि पुरुषांना वाटत होतं की ते ‘बायकांसाठी’ आहे. संसारात अशी किती कामं दोघांच्या मधोमध पडून राहतात, तुम्हीच आठवा.

मग मी ठरवलं की हे शिकायचंच. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकदादांकडे दोन दुपारी वही घेऊन बसले. त्यातलं जे आपल्या कामाचं, ते इथे देते.

आधी थोडं समजून घेऊ

गाडीची बॅटरी म्हणजे शिसं आणि गंधकाचं तेजाब यांचा डबा. फ्रान्समधल्या गॅस्टन प्लँते यांनी १८५९ साली तो शोधून काढला आणि अजून मूळ तत्त्व तेच आहे. आत सहा कप्पे असतात, प्रत्येकात दोन व्होल्टपेक्षा थोडी जास्त वीज, म्हणून सगळे मिळून बारा व्होल्ट. इंजिन सुरू झालं की आल्टरनेटर नावाचं यंत्र पट्ट्यावर फिरून वीज तयार करतं आणि बॅटरी परत भरतं. म्हणजे बॅटरी हा रांजण आणि आल्टरनेटर हा नळ.

आता माझ्या गाडीत पंखा चालत होता आणि इंजिन का फिरलं नाही? पंख्याला थोडी वीज पुरते. इंजिनाला पहिला हिसका देणारी स्टार्टर मोटर मात्र एका दमात शंभर अँपिअरच्या वर मागते. आपल्या खारपाणपट्ट्यात नळाच्या तोटीत क्षार साचतो ना, तसंच हे. चूळ भरण्यापुरती धार येते, पण बादली लवकर भरायची म्हणून तोटी पूर्ण सोडली तरी पाणी काही वाढत नाही. बॅटरीच्या टोकावरचा भुगा आणि ढिली कडी नेमकं हेच करतात.

पूर्वी गाडी पुढून दांडा फिरवून सुरू करावी लागे. तो उलटा फिरला की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये आला आणि दांडा मारण्याची ताकद नसणाऱ्यांनाही गाडी एकट्यानं चालवता येऊ लागली. त्या स्टार्टरचा सगळा भार या बॅटरीवर. म्हणून तिला जपायचं.

गाडी काय सांगते ते ऐका

मूल रडलं की भुकेचं रडणं कोणतं आणि पोट दुखण्याचं कोणतं, हे आईला कळतं. गाडीचंही तसंच आहे. किल्ली फिरवल्यावर काय होतं त्यावर लक्ष द्या.

१. काहीच नाही, दिवा नाही, हॉर्न नाही: बॅटरीची कडी निसटलेली, मुख्य फ्यूज उडालेला किंवा बॅटरी पूर्ण रिकामी. आधी कड्या बघा.

२. ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज, दिवे मंद: बॅटरी उतरलेली किंवा जोड कच्चा.

३. एकदाच ‘टक्’ आणि सगळे दिवे एकदम गेले: जोड कच्चा असण्याची शक्यता फार. माझं हेच झालं होतं.

४. एकदाच ‘टक्’ पण दिवे झगझगीत: बॅटरी ठीक, दोष बहुधा स्टार्टरमध्ये. हे गॅरेजचं काम.

५. दिवे छान, पण आवाजच नाही: घाबरू नका. बऱ्याच गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’ वर आहे का बघा. बटणाची गाडी असेल तर किल्लीतला छोटा सेल संपला असेल. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत किल्लीच बटणाला टेकवून दाबली की चालते.

६. इंजिन ‘घुर्र-घुर्र’ फिरतं पण पेट घेत नाही: बॅटरीचा दोष नाही. पेट्रोल आहे का बघा. असूनही होत नसेल तर उगाच किल्ली फिरवत राहू नका, चांगली बॅटरीही रिकामी होईल.

शंका राहिली तर एक सोपी परीक्षा. पुढचे मोठे दिवे लावा आणि मग किल्ली फिरवून बघा. दिवे मंदावले तर बॅटरी अशक्त. साफ विझले तर जोड कच्चा. तसेच झगझगीत राहिले तर स्टार्टर.

हात लावण्यापूर्वी

हे कोणत्याही पुस्तकात मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत, कारण ती पुस्तकं बायकांसाठी लिहिलेली नसतात. बॅटरीजवळ जाताना हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून पर्समध्ये ठेवा. मंगळसूत्र आत टाका. पदर किंवा ओढणी कमरेला खोचा, वेणी मागे बांधा. सोन्याची अंगठी बॅटरीचं लाल टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सापडली तर क्षणात लालभडक तापते आणि बोट भाजतं. बारा व्होल्टचा झटका जाणवत नाही म्हणून बॅटरी निरुपद्रवी आहे असं समजू नका. शिवाय बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ काडी किंवा उदबत्ती पेटवायची नाही. इंजिन सुरू असताना तर पट्ट्याजवळ हातच नको.

इंजिन बंद, किल्ली काढलेली, मग दोन्ही कड्या हातानं धरून हलवून बघा. हलता कामा नयेत. हलत असतील तर दहा नंबरचा पाना बहुतेक छोट्या गाड्यांना चालतो. भुगा असेल तर कडी काढून साफ करावी लागते. काढताना आधी काळी, म्हणजे वजा चिन्हाची. बसवताना ती शेवटी. असं का? काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. ती आधी सुटली की लाल कडी सोडताना पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. एवढं कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

घरी नीट साफ करायचं तर साहित्य स्वयंपाकघरातलंच. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, हातात प्लॅस्टिकची पिशवी. दोन्ही कड्या काढून सोड्याचं पाणी लावलं की भुगा फसफसतो. बॅटरीच्या झाकणाच्या आत मात्र ते पाणी जाऊ देऊ नका. मग ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, काचकागदानं आतून चकाकी आणा, कड्या आवळा आणि वरून बोटभर व्हॅसलीन चोपडा. भुगा त्वचेला आणि डोळ्याला वाईट, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि हात साबणानं धुवा. नंतर गाडीतलं घड्याळ परत लावावं लागेल, तेवढंच. गाडगेबाबांनी झाडू हाती घेतला तो आपल्याच मुलखात. तेव्हा स्वच्छतेच्या कामाची आपल्याला लाज नको!

बॅटरी खरंच उतरली असेल तर

आतला छोटा दिवा रात्रभर राहिला तर गाडी बहुधा सुरू होते. पण हिशेब करून बघा. पाच वॉटचा दिवा तासाला साधारण पाऊण अँपिअरच्याही निम्मा खातो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्यानं दोन दिवसांत निम्मी होते. पुढचे मोठे दिवे मात्र चारेक तासांत पूर्ण रिकामी करतात. माहेरी आठ-पंधरा दिवस जाताना गाडी उभी राहणार असेल तर आतले दिवे, चार्जर, कॅमेरा सगळं बंद केलंय ना बघा.

अशा वेळी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करता येते. त्यासाठीच्या जाड वायरी गाडीत असू द्या. क्रम असा: लाल वायर आपल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, तिचं दुसरं टोक मदतीच्या बॅटरीच्या अधिकला. काळी वायर मदतीच्या वजाला, आणि शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नाही, तर बॅटरीपासून दूर इंजिनाच्या जाड लोखंडी भागाला. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते, ती वायूजवळ नको म्हणून. मदतीची गाडी सुरू करा, चार-पाच मिनिटं थांबा, मग आपली. काढताना क्रम बरोबर उलटा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: महामार्गावर ट्रकवाले दादा किंवा बसवाले भल्या मनानं “आमच्या बॅटरीवर लावा,” म्हणतात. हात जोडून नाही म्हणा. त्यांची यंत्रणा चोवीस व्होल्टची असते, आपल्या गाडीतली नाजूक यंत्रं त्यात जळू शकतात. दुसरी कार किंवा ट्रॅक्टर चालतो, कारण ते बारा व्होल्टचे असतात.

ढकलून सुरू करायची पद्धत फक्त साध्या गिअरच्या गाडीला, तीही बॅटरीत थोडा जीव असेल तरच. ऑटोमॅटिकला मुळीच नाही. आणि ढकलताना इंजिन बंद असल्यानं स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड लागतात, हे आधीच माहीत असू द्या. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या वायरींना चुकूनही हात लावायचा नाही.

सुरू झाली की निदान अर्धा-पाऊण तास चालवा. लगेच मंगळसूत्राच्या दुकानासमोर बंद करून आत जाल तर परत तोच प्रसंग!

चालत्या गाडीत वीज गेली तर

समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला, म्हणजे नळ बंद झाला आणि आता रांजणातलं पाणी संपेपर्यंतच चालणार. एसी, पंखा, रेडिओ बंद करा, इंजिन बंद करू नका आणि जवळच्या गॅरेजकडे वळा. मात्र त्याच वेळी तापमानाचा काटा वर चढू लागला तर पट्टा तुटलेला असू शकतो, तेव्हा लगेच कडेला थांबणंच बरं.

इंजिनच थांबलं तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा. ब्रेक एकदाच आणि जोर देऊन दाबा, पुन्हा पुन्हा दाबून सोडू नका. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंगच लॉक होतं. डाव्या कडेला घ्या, चारही दिव्यांची उघडझाप लागत असेल तर लावा, लाल त्रिकोण मागे लांब ठेवा. मुलांना घेऊन रस्त्यापासून दूर उभ्या राहा, गाडीच्या मागे नको. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही संकटात ११२ हे दोन क्रमांक फोनमध्ये आजच भरून ठेवा.

आपल्या वऱ्हाडासाठी खास

बॅटरीचा खरा शत्रू थंडीपेक्षा ऊन. उन्हानं आतलं पाणी उडतं आणि शिशाच्या जाळ्या लवकर झिजतात. म्हणून थंड हवेच्या गावी पाच वर्षं चालणारी बॅटरी आपल्याकडे तीनेक वर्षांतच थकते. तिच्यावरची तारीख आजच बघून ठेवा. तीन वर्षं झाली असतील तर उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्चमध्ये, तपासून घ्या.

पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरी-बोअरचं पाणी किती खारं असतं ते तुम्हाला सांगायला नको. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी बॅटरीला कसं चालेल? घरच्या फिल्टरचंही नको.

काही शे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर घ्या, इन्व्हर्टरलाही कामी येतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी १२.६ च्या आसपास आला तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं तर आल्टरनेटर काम करतोय. मी परत आल्यावर कड्या साफ करून दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं, तर बरोबर १२.६! तीच ‘मेलेली’ बॅटरी आजही चालू आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बंद गाडीत मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही एकटं ठेवू नका. उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढतं. पंखा चालू आहे या भरवशावर राहू नका, तो कसा थांबतो ते मी पाहिलंय. मुलांचं लॉक कसं लागतं, हातानं कसं निघतं, रिमोटच्या किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली कशी बाहेर येते आणि ती दारात कुठे बसते, हे आज संध्याकाळी अंगणात उभं राहून करून बघा. गाडी चांगली असतानाच.

शेवटी एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास कोणी केला माहीत आहे? एका आईनं. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतल्या बर्था बेंझ बाई, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्यानं बनवलेल्या गाडीतून मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. अंतर सुमारे १०४ किलोमीटर, म्हणजे आपलं अमरावती-अकोलाच की! वाटेत इंधनाची नळी चोंदली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीच्या वायरीचं आवरण झिजलं, तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. आणि पोहोचल्यावर नवऱ्याला खुशालीची तार केली.

त्या बाईंजवळ पिन होती. माझ्या गाडीत आता दहा नंबरचा पाना, काचकागद, जाड वायरी, विजेरी आणि पाण्याची मोठी बाटली असते. परवा आमच्या शाळेतल्या एका बाईंची गाडी फाटकातच मुकी झाली. त्या फोन काढत होत्या. मी बांगड्या काढल्या, पदर खोचला आणि म्हटलं, “थांबा, आधी झाकण उघडू.” कडी ढिली नव्हती, बॅटरीच उतरली होती. पण तेही आम्हाला आमचं आम्हाला कळलं, आणि मग त्यांनी नवऱ्याला फोन केला तो “काय करू?” विचारायला नाही, तर “नवी बॅटरी घेऊन येते, उशीर होईल, भात लावून ठेवा,” असं सांगायला!

तुमच्या गाडीनं तुम्हाला कधी असं रस्त्यात शिकवलं असेल, तर जरूर लिहून कळवा.